घरच्या घरी ग्यूदोन: खरी मेख रश्शात आहे की मांसाच्या कापात?

एदोगावाकर

टोकियोच्या एदोगावा भागात, विशेषतः निशी-कासाईच्या परिसरात, भारतीयांची वस्ती मोठी आहे. आमच्या ओळखीतल्या ज्या मराठी घरांत गोमांस चालते, तिथे कामावरून उशिरा परतल्यावर करायचा पदार्थ म्हणून ग्यूदोन चांगलाच रुळला आहे. ज्यांनी तो खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वाडगाभर गरम, चिकटसर भात, त्यावर गोडसर-खारट रश्शात कांद्याबरोबर शिजवलेले गोमांसाचे अतिशय पातळ काप, आणि कडेला बेनी-शोगा म्हणजे लाल रंगाचे मुरवलेले आले.

दोन माणसांसाठी माझे प्रमाण असे आहे. अडीचशे ग्रॅम मांस, एक मोठा कांदा, दीडशे मिलिलिटर दाशी (समुद्री शेवाळ आणि सुक्या माशाचे जपानी सार), तीन मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे मिरिन (तांदळाची गोड स्वयंपाकी दारू), दोन मोठे चमचे साके (तांदळाची दारू), एक लहान चमचा साखर आणि आल्याच्या तीन-चार चकत्या. मांस सोडून सगळे पसरट भांड्यात एकत्र उकळायचे, कांदा मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत सहा-सात मिनिटे शिजू द्यायचा, मग मांसाचे काप एकेक सुटे करून आत सोडायचे. वर येणारा करडा फेस झाऱ्याने काढून टाकायचा आणि मांसाचा लाल रंग गेल्यावर आणखी दोन मिनिटांनी आच बंद करायची.

महाजालावरील बहुतेक पाककृतींमध्ये वाद चालतो तो दाशी कोणती, मिरिन खरे की नकली, साके हवे की नको यावर. माझे मत असे की या सगळ्याला पर्याय निघू शकतात, मात्र मांसाचा काप आणि त्यातली चरबी यांना पर्याय नाही. जपानमध्ये कोणत्याही सुपरमार्केटात दीड-दोन मिलिमीटर जाडीचे काप थाळीत लावून मिळतात. त्यांतही एकसारख्या मोठ्या कापांपेक्षा ‘कोमागिरे’ किंवा ‘किरिओतोशी’ या नावाने विकले जाणारे लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे स्वस्त पडतात आणि या पदार्थाला तेच अधिक शोभतात.

भारतात असे काप आयते मिळत नाहीत. तिथल्या सभासदांना माझा प्रश्न असा आहे की तुम्ही काय करता, आणि म्हशीच्या मांसाचा ग्यूदोन जमतो का?

पोटोबा

एकंदर हिशेब वीस मिनिटांचा दिसतो, पण त्यात भात धरलेला नाही. आमच्या घरी भात ‘आता लावतेच आहे’ या अवस्थेतच अर्धा तास असतो.

ओसाकावासी

धागाकर्त्यांच्या मूळ मताशी मी अंशतः सहमत आहे, पण पद्धतीशी मुळीच नाही. तुम्ही सांगितलेली रीत तोक्योकडची आहे, जिथे सगळे मसाले आधी रश्शात एकत्र करून मांस त्यात उकडले जाते. सुकियाकी या गोमांसाच्याच जपानी पदार्थातही पूर्व आणि पश्चिम जपानमध्ये हाच फरक आहे. पूर्वेकडे वारिशिता नावाचा तयार रस्सा भांड्यात ओततात, तर आमच्या कान्साई भागात, म्हणजे ओसाका-क्योतोकडे, आधी भांडे तापवून त्यात गुरांची चरबी फिरवतात, मांस परततात आणि त्यावर थेट साखर आणि सोया सॉस घालतात.

घरी मी ग्यूदोनलाही हीच रीत लावतो. एक तृतीयांश मांस साखरेबरोबर तापलेल्या भांड्यात अर्धा मिनिट परतावे, त्याला तांबूस कड आली की कांदा आणि रस्सा घालावा, आणि उरलेले मांस शेवटी सोडावे. परतलेल्या मांसाचा खमंगपणा रश्शात उतरतो आणि शेवटी सोडलेले मांस मऊ राहते. शिवाय दाशी ही दुय्यम गोष्ट नव्हे. कोंबू आणि कात्सुओबुशी यांची ताजी दाशी आणि पुडीतली दाशी यांतला फरक पहिल्या घासातच कळतो.

एदोगावाकर

@ओसाकावासी, तुमची रीत चवीला सरस असेल हे मान्य, पण त्यात भांडे घासण्याचा वेळही धरावा लागेल. जळलेली साखर काढताना ‘झटपट’ हा शब्द विसरायला होतो.

रसायनी

दाशीच्या मुद्द्यावर थोडे लिहावेसे वाटते, कारण इथे अडखळून अनेकांचा बेत रद्द होतो असे मी पाहिले आहे.

दाशीची चव दोन घटकांच्या जोडीवर उभी असते. कोंबू या समुद्री शेवाळात ग्लुटामेट असते, जे किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये वेगळे करून दाखवले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांमध्ये इनोसिनेट असते. ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरजेने न वाढता कित्येक पटींनी वाढते.

आता ग्यूदोनचे भांडे पाहा. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर आहे आणि गोमांसात स्वतःचे इनोसिनेट आहे. म्हणजे दाशीने जी जोडी जमवायची ती या भांड्यात आधीच जमलेली असते. सूप किंवा नूडल्सच्या रश्शात दाशीविना पदार्थ पांगळा होतो, इथे तसे होत नाही. दाशी नसेल तर साधे पाणी घ्यावे आणि कांदा थोडा वाढवावा.

साकेचे काम मुख्यतः मांसाचा उग्र वास कमी करण्याचे आहे, कारण अल्कोहोल वाफेबरोबर काही वास घेऊन जाते. मिरिन गोडी आणते आणि वर चकाकी देते. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे चौदा टक्के अल्कोहोल असते, तर ‘मिरिनसारखा मसाला’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटलीत ते एक टक्क्याहूनही कमी असते. ज्यांना अल्कोहोल मुळीच नको आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की दोन-पाच मिनिटांच्या उकळीने ते पूर्णपणे जात नाही. त्यांनी दोन्ही वगळून साखर दीडपट करावी आणि आले थोडे जास्त घालावे.

पोटोबा

जपानी स्वयंपाकात मसाले घालण्याचा क्रम ‘सा, शि, सु, से, सो’ असा पाठ करतात असे ऐकले होते. साखर आधी, मग मीठ, मग व्हिनेगर, मग सोया सॉस, मग मिसो. आमच्याकडे सा-रे-ग-म चुकले तर फक्त शेजारी ओरडतात, तिकडे बहुधा सासू ओरडत असेल.

न्यू_जर्सीकर

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी माहिती देतो. साध्या अमेरिकी दुकानात पातळ काप शोधण्यात वेळ घालवू नये. कोरियन किराणा दुकानांत बुल्गोगीसाठी (कोरियन भाजलेले मांस) आणि शाबू-शाबूसाठी (उकळत्या पाण्यात बुडवून खायचे जपानी मांस) कापलेले मांस मिळते, एडिसन भागात ते सहज उपलब्ध आहे. शाबू-शाबूचे काप गोल गुंडाळी करून गोठवलेले असतात. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून अर्धवट सुटू द्यावेत, कारण पूर्ण सुटले की चिकटून त्यांचा गोळा होतो.

मात्र रिबआयचे, म्हणजे बरगडीकडचे, महाग काप या पदार्थासाठी आणणे म्हणजे पैशांची नासाडी आहे. ‘चक’ म्हणजे खांद्याकडचा किंवा पोटाकडचा चरबीचा भाग घ्यावा.

अनुराधा_नक्षत्र

आमच्या घरी मुलांना हा पदार्थ फार आवडतो, पण मला तो फार गोड लागतो. मी मिरिन निम्मे करते आणि वाढताना वर शिचिमी तोगाराशी घालते. हे सात जिनसांचे तिखट मिश्रण आहे, ज्यात मिरचीबरोबर संत्र्याची साल, तीळ, सान्शो मिरी वगैरे असते, आणि ते एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात १६२५ पासून विकले जात आहे. शिचिमी नसेल तर नुसती तिळाची भरड आणि लाल तिखट चालते. गोडा मसाला घालून पाहण्याचा मोह कृपया कोणी धरू नये.

पाचूबंदर

वसईतून लिहीत आहे. आमच्या ख्रिस्ती समाजात बीफ पूर्वापार खाल्ले जाते, आणि आता ते म्हशीचेच असते. त्यामुळे धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने देऊ शकते.

म्हशीचे मांस गडद रंगाचे, कमी चरबीचे असते आणि त्याचे धागे जाड असतात. त्यात जपानी किंवा अमेरिकी मांसासारखी स्नायूंमधून पसरलेली चरबीची जाळी नसते. जी चरबी असते ती पांढरीशुभ्र आणि एका बाजूला थराने असते. म्हणून हे मांस जाड कापून पाच-सहा मिनिटे उकळले, तर चपलेचा तळवा तयार होतो.

आमचा खाटीक पातळ काप देत नाही, असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. त्याच्याकडे ‘पसंदे’ मागावेत. मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातील जुन्या खाटकांना पसंद्यांसाठी मांस चपटे आणि पातळ कापणे नीट येते. काप तरीही तीन-चार मिलिमीटरचे असतात, पण हातात चपटा तुकडा आला की पुढचे काम सोपे होते. तो ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये पाऊण तास ठेवावा, बाहेरून कडक आणि आत किंचित मऊ अशा अवस्थेत काढावा, आणि धारदार सुरीने धाग्यांना आडवे कापावे. धाग्यांच्या दिशेने कापले तर कितीही पातळ केले तरी चावताना दोऱ्या लागतात.

एक_शंका

कायद्याचे काय? महाराष्ट्रात बीफ शिजवणे गुन्हा आहे ना?

पाचूबंदर

@एक_शंका, मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशी आणि रेडे त्या बंदीत येत नाहीत, मात्र त्यांच्या कत्तलीसाठी दाखला लागतो. परराज्यातून आलेले मांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. माझ्या प्रतिसादात मी सर्वत्र म्हशीच्या मांसाबद्दलच लिहिले आहे.

संपादन_मंडळ

कायद्याची माहिती मिळाली आहे, ती पुरेशी आहे. बंदी योग्य की अयोग्य या चर्चेसाठी राजकारण विभागात धागे आहेत. इथे पाककृतीवरच बोलावे. विषयांतराचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

सासष्टीकार

गोव्यात हा पदार्थ करणे तुलनेने सोपे आहे, कारण मडगावच्या बाजारात बीफ उघडपणे मिळते आणि आमच्याकडच्या चिली फ्रायसाठी पातळ पट्ट्या कापण्याची सवय घराघरांत आहे. तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. मऊ मांस हवे म्हणून बहुतेक जण ‘अंडरकट’, म्हणजे कण्याखालचा मऊ भाग, मागतात. चिली फ्रायला तो उत्तम आहे, कारण तिथे तेल, मिरची आणि व्हिनेगर ही उणीव भरून काढतात. ग्यूदोनमध्ये मात्र अंडरकट घातला की मांस मऊ लागते आणि रस्सा फिका, पाणचट होतो, कारण त्या भागात चरबी जवळजवळ नसते.

या पदार्थात तेलाचा थेंबही पडत नाही हे आपण विसरतो. रश्शाला जे अंग येते ते सगळे मांसाच्या चरबीतून येते.

एदोगावाकर

@सासष्टीकार, मला जे म्हणायचे होते ते तुम्ही अधिक नेमके मांडलेत. जपानी साखळी उपाहारगृहे जो भाग वापरतात तो बरगड्यांच्या खालचा, पोटाच्या सुरुवातीचा असतो, ज्यात मांस आणि चरबी यांचे थर एकाआड एक येतात. आपल्या खाटकांच्या भाषेत त्याच्या सर्वांत जवळचा भाग ‘सीना’ म्हणता येईल.

रसायनी

@पाचूबंदर यांनी लिहिलेल्या चपलेच्या तळव्यामागचे कारण असे. साधारण साठ ते पासष्ट अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातील कोलॅजेन आकसू लागते आणि धाग्यांमधील रस पिळून बाहेर काढते. तेच कोलॅजेन त्याहून अधिक तापमानात बराच वेळ राहिले तर विरघळून जिलेटिन होते आणि मांस पुन्हा मऊ पडते. म्हणजे मऊ मांसाच्या दोन वाटा आहेत: एक तर फार थोडा वेळ, नाहीतर फार जास्त वेळ. अधल्यामधल्या वेळेत काढलेले मांस सर्वांत चिवट असते.

पातळ काप करण्याचे खरे प्रयोजन हेच आहे की ते पहिल्या वाटेने जाऊ शकतात. म्हशीच्या मांसासाठी एक उपाय सुचवतो. पाव किलो कापांना पाव लहान चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून चोळावा, पंधरा मिनिटांनी धुऊन काप कोरडे करावेत. सोड्यामुळे पृष्ठभागाची आम्लता घटते आणि शिजताना प्रथिने एकमेकांना घट्ट आवळू शकत नाहीत. कच्ची पपई मात्र टाळावी. जाड पसंद्यांना ती ठीक आहे, इतक्या पातळ कापांचा ती वरून लगदा करते.

जुना_विद्यार्थी

मी २००१ ते २००४ या काळात टोकियोत शिकत होतो, आणि त्या काळातल्या विद्यार्थ्यांना ग्यूदोनचे नाव काढले की चवीच्याही आधी भाव आठवतो. २००१ च्या उन्हाळ्यात योशिनोया या ग्यूदोन विकणाऱ्या साखळी उपाहारगृहाने वाडग्याची किंमत ४०० येनवरून २८० येनवर आणली. आता तोच वाडगा पाचशे येनच्या घरात गेला आहे.

धागाकर्त्यांच्या मताला या कंपनीच्या इतिहासातच दोन मोठे पुरावे आहेत, म्हणून ते सविस्तर लिहितो. हे दुकान १८९९ मध्ये टोकियोच्या निहोनबाशी येथील मासळी बाजारात सुरू झाले. १९२३ च्या भूकंपानंतर बाजार त्सुकिजीला हलला आणि त्याच्याबरोबर दुकानही गेले. गिऱ्हाईक म्हणजे बाजारात राबणारी माणसे, ज्यांना बसून जेवायला वेळ नव्हता. म्हणून भांड्यात सतत मंद आचेवर शिजणारे मांस मागताक्षणी भातावर घालून देण्याची पद्धत पडली.

पहिला पुरावा १९८० चा. शाखा झपाट्याने वाढवण्याच्या नादात कंपनीने वाळवून साठवलेले मांस आणि भुकटीचा रस्सा वापरायला सुरुवात केली. चव उतरली, गिऱ्हाईक पांगले आणि त्या वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले. पुढे ती सावरली, पण तोवर धडा मिळाला होता.

दुसरा पुरावा मी स्वतः पाहिला. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत वेडगाय रोगाची पहिली लागण आढळली आणि जपानने अमेरिकी गोमांसाची आयात थांबवली. ११ फेब्रुवारी २००४ रोजी योशिनोयाने ग्यूदोन विकणे बंद केले आणि त्या दिवशी दुकानांसमोर रांगा लागल्या होत्या. ऑस्ट्रेलियाचे मांस उपलब्ध होते, आणि सुकियासारख्या प्रतिस्पर्ध्याने त्याच वर्षी ते वापरून ग्यूदोन पुन्हा सुरूही केला. योशिनोयाने मात्र धान्यावर पोसलेल्या अमेरिकी गुरांच्या त्या विशिष्ट भागाशिवाय आपली चव येणार नाही, अशी भूमिका घेतली, डुकराच्या मांसाचा वाडगा विकत दिवस काढले आणि सप्टेंबर २००६ पर्यंत वाट पाहिली. रस्सा त्यांच्याच हातचा होता, कांदाही होता. अडले होते ते फक्त मांस.

पोटोबा

मांसासाठी अडीच वर्षे थांबणाऱ्या कंपनीसमोर आमच्या घरचा अर्ध्या तासाचा भात क्षुल्लक आहे, हे मी आज घरात मान्य केले.

ओसाकावासी

@जुना_विद्यार्थी यांचा प्रतिसाद वाचून मूळ मुद्द्यावर मी माघार घेतो. परतण्याच्या मुद्द्यावर घेत नाही.

एक शंका मात्र आहे. उपाहारगृहात मांस मंद आचेवर बराच वेळ शिजत असते, तर धागाकर्ते दोन मिनिटांत आच बंद करायला सांगतात. मग ‘तीच चव’ कशी येणार?

एदोगावाकर

@ओसाकावासी, ती चव नेमकी तशी येत नाही, आणि माझा तसा आग्रहही नाही. रसायनी यांच्या शब्दांत सांगायचे तर उपाहारगृह दुसऱ्या वाटेकडे झुकते आणि घर पहिल्या वाटेने जाते. एक मधला मार्ग आहे: आच बंद केल्यावर झाकण ठेवून दहा मिनिटे थांबायचे. रस्सा निवत जाताना मांसात मुरतो आणि मांस आणखी शिजून चिवट होत नाही.

मत्स्यगंधा

रसायनी म्हणतात तसे पाणी चालत असेल, पण आम्हा कोकणातल्यांना घरात सुकी मासळी असताना पाणी वापरणे जिवावर येते. जपानमध्ये वाळवलेल्या लहान माशांची, निबोशीची दाशी करतातच. मी मूठभर सुके बोंबील डोके काढून, कोरडे भाजून, पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळून घेतले. चव खोल आली, वासही सुसह्य होता. सुकट मात्र घेऊ नये, तिचा वास मांसावर मात करतो.

अनुराधा_नक्षत्र

@मत्स्यगंधा, हा प्रयोग टोकियोच्या सदनिकेत केला तर शेजारी निबोशी समजतील की तक्रार करतील, याचा विचार करत आहे.

इंद्रायणी

भातावर कोणीच सविस्तर लिहिलेले नाही, आणि माझे सभासदनाम पाहता ती जबाबदारी माझ्यावरच येते.

बासमती किंवा कोलम घेतला तर रस्सा शितांमधून थेट तळाशी जातो. वर कोरडा भात, खाली डबके. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ रस्सा धरून ठेवतो, कारण त्याची शिते एकमेकांना चिकटतात. महाराष्ट्रात त्याला सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे मावळातला इंद्रायणी. आंबेमोहोरही चिकट होतो, पण त्याचा सुवास सोया सॉसशी भांडतो असे माझे मत आहे. तांदूळ पाणी बरेचसे स्वच्छ निघेपर्यंत धुवावा, अर्धा तास भिजवावा, आणि आपल्या नेहमीच्या मऊ भातापेक्षा पाणी कमी ठेवावे. नवा तांदूळ असेल तर आणखी कमी.

कांद्याबद्दलही एक सांगते. आपला नाशिकचा लाल कांदा जपानी पिवळ्या कांद्यापेक्षा तिखट आणि कमी पाण्याचा असतो. सहा-सात मिनिटांत त्याचा उग्रपणा जात नाही. दहा मिनिटे द्यावीत आणि रस्सा आटला तर पाण्याचा हबका मारावा.

सोयाविरोधी

आणखी एक महत्त्वाची सूचना. भारतीय दुकानांत ‘डार्क सोया सॉस’ म्हणून मिळणारी चायनीज गाडीवरची बाटली इथे चालणार नाही. त्यात रंगासाठी कॅरॅमल असते, आणि तीन मोठे चमचे घातले तर रस्सा काळाकुट्ट होतो. नैसर्गिक रीतीने आंबवलेला जपानी धाटणीचा सोया सॉस घ्यावा. तो आता मोठ्या शहरांत सर्रास मिळतो.

पोटोबा

वरून कच्चे अंडे फोडून घेण्याबद्दल कोणी बोलत नाही, ते जाणूनबुजून का?

जुना_विद्यार्थी

@पोटोबा, जपानमध्ये अंडी धुऊन, निर्जंतुक करून पेटीत भरली जातात आणि त्यांवरील तारीख ही कच्चे खाण्याच्या मुदतीची असते. आपल्याकडे सुट्या अंड्यांच्या बाबतीत असा भरवसा नाही, त्यामुळे साल्मोनेलाचा धोका पत्करू नये. भारतात असाल तर पूर्ण पांढरे आणि जेमतेम घट्ट पिवळे असे अंडे उकडून अर्धे करून ठेवावे.

जपानमधल्यांसाठी ओन्सेन तामागोची, म्हणजे मंद उष्णतेत अर्धवट शिजवलेल्या अंड्याची, सोपी रीत देतो: एक लिटर पाणी उकळून आच बंद करावी, त्यात २०० मिलिलिटर थंड पाणी ओतावे, फ्रीजमधून काढलेली अंडी सोडून झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढावीत. पांढरे दह्यासारखे आणि पिवळे दाट राहते.

शाकाहारी_पण_सभ्य

मी गोमांस खात नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. याच रश्शात काय शिजवावे?

अनुराधा_नक्षत्र

@शाकाहारी_पण_सभ्य, अत्सुआगे म्हणजे तळलेला टोफू आणि शिताके मशरूम घ्या, आणि दाशी फक्त कोंबूची करा, कारण कात्सुओबुशी मासळीचीच असते. मात्र रश्शाला चरबीचे अंग मिळणार नाही, म्हणून शेवटी अर्धा चमचा तिळाचे तेल घाला. भारतात अत्सुआगे नसेल तर घट्ट टोफूचे जाड तुकडे तळून घ्या. पनीर घालू नका, ते रस्सा शोषत नाही.

सासष्टीकार

मूळ प्रश्नाकडे परत येतो. धागाकर्त्यांनी सुचवल्याप्रमाणे या आठवड्यात म्हशीचा सीना आणला. चरबीचा थर न काढता तुकडा फ्रीजरमध्ये ठेवला, पाचूबंदर यांच्या सूचनेप्रमाणे धाग्यांना आडवे काप केले, आणि निम्म्या कापांना सोडा लावला, निम्म्यांना नाही.

सोडा लावलेले काप निश्चितपणे मऊ होते, पण धुतल्यावरही त्यांना किंचित बुळबुळीतपणा होता, जो घरात कोणाला आवडला, कोणाला नाही. सोडा न लावलेले काप थोडे चावावे लागले, परंतु मांसाची चव त्यांत अधिक होती. रश्शाला मात्र दोन्हींत चांगले अंग आले, जे अंडरकटने कधीच आले नव्हते. एक अडचण सांगतो: वाडगा निवू लागला की ही चरबी पटकन गोठते आणि टाळूला चिकटते. वाडगे आधी गरम पाण्याने तापवून घ्यावेत आणि ताटावर गप्पा मारू नयेत.

पाचूबंदर

@सासष्टीकार, सोड्याचा बुळबुळीतपणा मलाही खटकतो. दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करणे जमले तर सोडा लागत नाही. हाताने तेवढे पातळ होत नसेल तरच तो वापरावा.

एदोगावाकर

@सासष्टीकार, मनःपूर्वक आभार, मला हीच माहिती हवी होती. पुढच्या वेळी सोडा निम्मा करून आणि सात-आठ मिनिटेच ठेवून पाहाल का? माझा अंदाज आहे की चव आणि मऊपणा यांचा मेळ तिथे बसेल.

न्यू_जर्सीकर

शनिवारी आठ जण जेवायला येत आहेत. सगळे प्रमाण चौपट करायचे का?

रसायनी

@न्यू_जर्सीकर, मांस आणि कांदा चौपट, पण दाशी अडीचपटच ठेवा, कारण मोठ्या भांड्यात कांद्याचे पाणी अधिक सुटते आणि त्या मानाने वाफ कमी उडते. सोया सॉस आणि मिरिन तीनपट घालून चव पाहा, मग वाढवा. आणि सगळे मांस एकदम सोडू नका. एक किलो थंड मांस पडले की उकळी बसते, मांसाला पाणी सुटते आणि तुम्ही नेमके त्या अधल्यामधल्या वेळेत अडकता. चार वेळा थोडे थोडे सोडा, रंग बदललेले काढून झाकून ठेवा आणि शेवटी सगळे एकत्र करून दोन मिनिटे पुन्हा चांगली वाफ येऊ द्या.